कोशातील नोंद आणि अल्पपरिचित बँड

ज्ञानकोश हा गौरवग्रंथ नव्हे, हे तत्त्व म्हणून सर्वांस मान्य असते; व्यवहारात मात्र नोंद मिळाली की मान मिळाला आणि नाकारली की अपमान झाला, असेच समजले जाते. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात हा वाद नित्य उद्भवतो. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आश्रयावाचून गाणाऱ्या, 'इंडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या अल्पपरिचित बँडवर कोणी लेख लिहितो. दुसरा संपादक तो वगळावा असे सुचवितो. आणि चर्चा गाणी चांगली की वाईट या वळणावर जाते. आमच्या मते हे वळणच चुकीचे आहे.

इंग्रजी विकिपीडियाने यासाठी काही कसोट्या ठरविल्या आहेत. बँडशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा एकाहून अधिक प्रकाशनांनी त्याची सविस्तर दखल घेतलेली असावी, ही त्यांतील मुख्य. देशाच्या लोकप्रियता-यादीत गाणे येणे किंवा महत्त्वाच्या कंपनीने दोन वा अधिक ध्वनिमुद्रिका काढणे, हीही पात्रतेची लक्षणे मानली जातात. गाणे सुंदर असावे, अशी अट यांत नाही. बँडने स्वतः काढलेले पत्रक पुरावा म्हणून चालत नाही. कारण उघड आहे. कोशकार इतरांनी तपासून लिहिलेले संकलित करतो. तसे लेखनच नसेल, तर त्याच्या हातून एक तर जाहिरात लिहिली जाईल, नाही तर दंतकथा.

या दृष्टीने 'द शॅग्ज' या अमेरिकी बँडचे उदाहरण बोधप्रद आहे. न्यू हॅम्पशर राज्यातील फ्रिमाँट या लहान गावातील विगिन भगिनींनी वडिलांच्या आग्रहावरून तो उभारला. १९६९ साली त्यांची 'फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड' ही ध्वनिमुद्रिका निघाली. ढोल एकीकडे, गिटार दुसरीकडे आणि सूर तिसरीकडे, असे ते वादन. छापलेल्या १,००० प्रतींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या, असे सांगतात. १९७५ मध्ये वडील वारले आणि बँडही संपला. त्या वर्षी एखाद्या कोशकाराने ही नोंद नाकारली असती, तर त्याचा निर्णय योग्यच ठरला असता. पुढे १९८० मध्ये राउंडर या कंपनीने ती ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली. समीक्षकांनी तिच्यावर लिहिले. १९९९ मध्ये 'द न्यूयॉर्कर' नियतकालिकात सुझन ऑर्लीन यांचा दीर्घ लेख आला. २०११ मध्ये या भगिनींच्या जीवनावरील संगीतिका न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली. आज या बँडची नोंद नाकारणे अशक्य आहे.

मधल्या काळात ध्वनिमुद्रिकेतील एक स्वरही बदलला नव्हता. तीविषयीचे लेखन तेवढे वाढले होते. नोंदीची पात्रता गाण्यात नसून गाण्याच्या लिखित दखलीत असते, हे यावरून स्पष्ट होते.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. दखल घेणारी वृत्तपत्रे ज्या नगरांत, ज्या भाषेत विपुल, तेथील सामान्य कलावंतही कोशात जाईल आणि इतरत्रचा गुणी कलावंत बाहेर राहील. हा आक्षेप खरा आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी भाषकांस तो विशेष जाणवावा. आपल्याकडील कित्येक भजनी मंडळे, मेळे व हौशी नाट्यसंस्था यांचा मागमूस एखाद्या हस्तपत्रिकेपलीकडे उरत नाही, आणि हस्तपत्रिका तर त्या संस्थेनेच छापलेली असते.

परंतु म्हणून कसोटी सैल करावी, हे आम्हांस मान्य नाही. सैल कसोटीचा लाभ अबोल गुणवंतास होत नाही. तो आत्मस्तुतीत निपुण असणारास होतो. शिवाय एकदा कोशावरील विश्वास उडाला, की त्यात स्थान मिळूनही काय उपयोग? श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीत सिद्ध केले. १९७६ पासून लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली विश्वकोशाचे खंड निघू लागले. असे कोश आधी झालेल्या लेखनावर उभे राहतात. ते लेखन आमच्यासारख्यांनी करावयाचे असते. गावातील तरुणांचा बँड असो वा जुने भजनी मंडळ असो, त्याचा कार्यक्रम ऐकून, तारीख, स्थळ, गायकवादकांची नावे आणि गुणदोष यांसह निःपक्षपाती परीक्षण छापणे, हे आमच्या नियतकालिकांचे कर्तव्य आहे. ते आम्ही टाळले, तर पुढे कोशाच्या दाराशी उभे राहून अन्यायाची तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस राहणार नाही.