नमन मुंबईत टिकलं ते कशामुळे?

कोकणातला माणूस बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याच्या सामानात वळकटी होती, सुक्या मासळीचं गाठोडं होतं आणि पाठ असलेली गाणी होती. लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या नावाने खोल्या असायच्या. एकेका खोलीत वीस-पंचवीस गडी गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. शिमग्याला ज्यांना रजा मिळाली नाही, त्यांनी खोलीतच मृदंग काढला. रत्नागिरीकडचं नमन, म्हणजे शिमग्यातलं आपलं लोकनाट्य, मुंबईत रुजलं ते असं, घरच्या ओढीतून.

ही ओढ खरी होती आणि तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण आज नमन मंडळाच्या सभेत वाद होतो तेव्हा एक बाजू म्हणते, गावी होतं तसंच ठेवा. दुसरी म्हणते, पोरांना आवडेल असं काहीतरी करा. दोघांनाही मला हेच सांगायचं आहे, की ‘गावी होतं तसं’ नमन मुंबईत फार काळ राहिलंच नाही.

गावी खेळे ग्रामदेवतेच्या पालखीसोबत निघतात. अंगात झगा, डोक्याला फेटा, पायात घुंगरू. अंगणात मृदंगावर थाप पडली, की रात्र किती झाली हे कुणी विचारत नाही. मुंबईत मात्र नाट्यगृह तीन-साडेतीन तासांसाठी मिळतं आणि त्यानंतर दुसऱ्या मंडळाची माणसं दारात उभी असतात. त्यामुळे रात्रभराचा खेळ आवरता घ्यावा लागला. नमन आटोपशीर झालं, गण राहिला, गवळणीतली मावशी आणि पेंद्या राहिले, आणि उत्तरार्धात बांधीव संहितेचं वगनाट्य आलं. पडदे आले, प्रकाशयोजना आली. ‘बहुरंगी नमन’ म्हणून आज आपण जे बघतो, त्याच्या घडणीत परळच्या दामोदर नाट्यगृहाचा आणि गिरगावच्या साहित्य संघाचा मोठा वाटा आहे. तिथे तिकीट काढून बसलेल्या माणसाला रिझवायचं होतं. देवाच्या अंगणात ही अट कधीच नव्हती.

बदल कसा करावा हे बघायचं असेल, तर संकासुर बघावा. काळा पायघोळ झगा, उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. गावी तो पोरांच्या मागे लागतो आणि पोरं ओटीवर पळतात. नाट्यगृहात त्याला विंगेतून आणला तर त्याची निम्मी ताकद जाते. म्हणून जाणती मंडळं त्याला प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून आणतात. आधी नुसते घुंगरू ऐकू येतात, माना वळतात, खुर्च्यांच्या रांगांमध्ये लहान मूल आईला बिलगतं. कांदिवलीत जन्मलेल्या, शिमगा फक्त फोनवर पाहिलेल्या त्या मुलाच्या मनात गावची कसलीही आठवण नाही. तरी तो घाबरतो, हसतो आणि पुढच्या वेळी यायचा हट्ट धरतो. संकासुर तोच राहिला, त्याची वाट बदलली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावची घडी विस्कटली. खोल्या रिकाम्या झाल्या, माणसं विरार, नालासोपारा, दिवा अशी पांगली. निव्वळ आठवणींवर जगणारी कला असती तर ती तेव्हाच संपली असती. तिचा प्रेक्षक पांगला, पण प्रयोगाच्या दिवशी रेल्वेने दादर-परळला येत राहिला आणि पुढे प्रयोगच त्याच्या मागोमाग पार्ले, मुलुंड, ठाण्याला गेले.

मालवणी मुलखाचा असाच दाखला तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं. गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्याचे तीनतेरा वाजतात, एवढीच गोष्ट. सुरुवातीला प्रतिसाद बेताचा होता. पु. ल. देशपांड्यांनी मनापासून दाद दिली आणि गाडी रुळावर आली. मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच गाजवला आणि नाटकाचे पुढे पाच हजारांच्या वर प्रयोग झाले, थेट लंडनपर्यंत. मालवणी माणूस आपली बोली ऐकायला आला हे खरं, पण मालवणीचा गंध नसलेला पुणेकरही खुर्चीत लोळून हसला. ते केवळ गावच्या ओढीचं काम नव्हतं. जुन्या मालावर नवं नाटक रचण्याची ती करामत होती.

आता जे पटत नाही तेही लिहितो. ऑक्टोपॅड आणि कीबोर्डखाली मृदंग ऐकू येईनासा झाला आहे. शक्ती-तुरा या कोकणातल्या सवाल-जबाबाच्या लोककलेतही शाहिराच्या सवालाला तोलामोलाचा जबाब येण्याऐवजी गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर टाळ्या घेतल्या जातात. वगात ट्रिकसीन जरूर असावा. दशमुखी रावण धुरातून प्रगटला की मलाही आनंद होतो. पण संवाद लिहिणाऱ्याला मानधन नाही आणि धुराच्या यंत्राला भाडं आहे, हा हिशेब चुकीचा आहे. याउलट स्त्रिया नमनात उतरल्या, शक्ती-तुऱ्यात शाहीर म्हणून उभ्या राहिल्या, हा अलीकडचा सर्वांत मोलाचा बदल आहे. पुरुषाने साकारलेल्या राधेची नजाकत मी पाहिली आहे, तिचा मान ठेवूनच हे म्हणतो.

ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभं राहिलं आणि २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी बंद झालं. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा शाळेच्या खोलीसाठी हातोहात तिकिटं खपवणाऱ्या मंडळांना परवडेल असं ते रंगमंदिर होतं. नव्या वास्तूतही लोककलांसाठी तसंच माफक भाडं हवं, ही मागणी आपल्या प्रत्येक मंडळाने लेखी करावी. आणि यंदाच्या प्रयोगाला येताना घरातल्या एका तरी मुलाचं तिकीट काढा. त्याला पुढच्या रांगेत नको, मधल्या वाटेच्या कडेला बसवा. संकासुर तिथूनच येतो.