घोडा, गवत आणि मैत्री

घोड्याने गवताशी मैत्री केली तर तो खाणार काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा व्यवहाराच्या संदर्भात विचारला जातो. ओळखीचे गिऱ्हाईक भाव पाडून मागू लागले की दुकानदार हसत हसत तो ऐकवतो. पण हा प्रश्न मुळात मैत्रीविषयीचा आहे आणि बालवाङ्मयात तो फार जुना आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत जगभर निघालेल्या एका विशिष्ट प्रकारच्या ॲनिमेशनपटांना तो विचारून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोल्हा आणि शिकारी कुत्रा, सिंह आणि झेब्रा, अस्वल आणि उंदीर, लांडगा आणि बोकड अशा विजोड जोड्यांच्या दोस्तीचे हे चित्रपट आहेत. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावेत म्हणून ते काढले जातात, आणि 'सगळे मिळून राहा' हे त्यांचे तात्पर्य गृहीत धरून आपण पुढे जातो. समीक्षेने त्यांच्याकडे क्वचितच लक्ष दिले आहे. माझ्या मते या चित्रपटांचे खरे मोल तात्पर्यात सापडत नाही. खाणाऱ्याच्या भुकेचे त्यांनी काय केले, यावर ते ठरते.

हिरण्यकाचा आक्षेप

आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात लघुपतनक नावाचा कावळा हिरण्यक उंदराच्या बिळाशी येऊन मैत्री मागतो. उंदीर साफ नकार देतो. तू खाणारा, मी तुझे खाद्य. आपली मैत्री कसली? पुढे दोघांत वाद होतो आणि त्या वादात हिरण्यक वैराचे दोन प्रकार सांगतो : सहज आणि कृत्रिम. कृत्रिम वैर एखाद्या कारणाने उपजते आणि ते कारण दूर झाले की मिटते. सहज वैर साप-मुंगसासारखे जन्मजात. ते जिवाबरोबरच जाते. कावळा अखेर उंदराचे मन वळवतो, पण आक्षेप ऐकून घेतल्यानंतरच.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला याहून कठोर कथा सांगतात. जाळ्यात सापडलेला लोमश बोका आणि घुबड-मुंगसाच्या तावडीत सापडू पाहणारा पलित उंदीर एकमेकांचा आधार घेतात. पलित जाळे कुरतडतो, पण व्याध जवळ येईपर्यंत मुद्दाम सावकाश. संकट टळल्यावर बोका मैत्रीची भाषा बोलू लागतो. उंदीर बिळातूनच उत्तर देतो : आपले काम झाले, आता तुला भूक लागली असणार.

सर्वांत मार्मिक नोंद मात्र पहिल्या तंत्रात, मित्रभेदात आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची गट्टी जमते आणि सिंहाचे शिकारीवरून लक्ष उडते. परिणामी त्याच्या शिकारीच्या उष्ट्यावर जगणारे करटक आणि दमनक हे कोल्हे उपाशी राहू लागतात. दमनकाच्या कारस्थानामागे सत्तेचा लोभ आहेच, पण रिकामे पोटही आहे. दोघांच्या मैत्रीची किंमत कोणी तिसराच मोजतो, हे त्या कथाकाराला ठाऊक होते. या तीन कथांनी हाती दिलेली मोजपट्टी आता चित्रपटांना लावून पाहू.

कारण दूर झाले, पण कोणाचे?

डिस्नेचा 'द फॉक्स अँड द हाउंड' १९८१ मध्ये आला. टॉड हे कोल्ह्याचे पोरके पिल्लू एका विधवा बाईच्या घरी वाढते. शेजारच्या शिकाऱ्याकडे कॉपर हे कुत्र्याचे पिल्लू येते. दोघे जिवलग होतात. कॉपर शिकारीचे शिक्षण घेऊन परततो तेव्हा परिस्थिती बदललेली असते. हे वैर हिरण्यकाच्या भाषेत कृत्रिम आहे. कॉपरला कोल्हा खायचा नाही. त्याला मालकाने कोल्ह्यामागे धावायला शिकवले आहे. भूक इथे नाहीच, नोकरी आहे.

चित्रपट डॅनिएल मॅनिक्स यांच्या १९६७ च्या कादंबरीवरून घेतला. कादंबरीत अशी बालमैत्री नाही, आणि तिचा शेवट कोल्हा व कुत्रा या दोघांच्याही मृत्यूत होतो. चित्रपटाने दोघांना जगवले. कादंबरीत आगगाडीखाली मरणारा कुत्रा चीफ इथे पाय मोडण्यावर निभावतो. त्याला मारावे की नाही यावर स्टुडिओत वाद झाला होता आणि सौम्य पर्याय जिंकला. चीफ वाचल्याने कॉपरच्या सूडाचे कारण पातळ होते, ही त्या सौम्यपणाची किंमत. तरीही शेवट प्रामाणिक आहे. अस्वलापासून टॉडने वाचवल्यावर कॉपर मालकाच्या बंदुकीसमोर आडवा उभा राहतो, बंदूक खाली येते, आणि मग दोघे आपापल्या वाटेने जातात. कॉपर साखळीकडे परततो, टॉड जंगलाकडे. ते पुन्हा एकत्र राहतील असे खोटे आश्वासन चित्रपट देत नाही. बंदूक एकदा खाली आली म्हणून बंदुकीची व्यवस्था संपत नाही, एवढे तो मुलांना सांगतो.

सुशी आणि डोनट

२००५ च्या 'मादागास्कर'मध्ये भूक थेट पडद्यावर येते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ॲलेक्स सिंह रोज आयते मांस खातो आणि मार्टी झेब्रा त्याचा दोस्त असतो. बेटावर आल्यावर आयते मांस संपते आणि ॲलेक्सला मित्रांच्या जागी मांसाचे तुकडे दिसू लागतात. एका क्षणी तो मार्टीला चावतोही. हा क्षण विलक्षण आहे, कारण तो शहरी सौहार्दाचे गुपित फोडतो : तिथली मैत्री टिकली होती ती कत्तल भिंतीआड, दुसऱ्या कोणाच्या हातून होत होती म्हणून. पण प्रश्न इतका नेमका मांडून चित्रपट पळवाट काढतो. पेंग्विन ॲलेक्सला सुशी भरवतात, ती त्याला आवडते, आणि सगळे नाचतात. माशाचे काय, हे कोणी विचारत नाही.

'झूटोपिया' (२०१६) याहून महत्त्वाकांक्षी आहे. ज्यूडी ही सशीण पोलीस आणि निक हा ठग कोल्हा यांच्या सहकार्याची ही कथा. या शहरात भक्षक आणि भक्ष्य सुसंस्कृत झाले आहेत. शिकार इतिहासजमा आहे. क्लॉहाउझर नावाचा गुबगुबीत चित्ता डोनट खातो. भूक सुरुवातीलाच मिटवून टाकल्याने उरतो तो पूर्वग्रह. भक्षक अल्पसंख्य, शहराच्या दहा टक्के. त्यांच्याविषयी भीती पसरवून सत्ता मिळवण्याचा कट हा कथेचा गाभा. ज्यूडीसारखी सद्हेतूची व्यक्तीही कोल्ह्याला पळवून लावणारा फवारा कमरेला बाळगते, हे चित्रपटाने अचूक टिपले आहे.

पण इथेच रूपकाची मोठी फट दिसते. माणसांच्या समाजात एखाद्या जमातीला हिंस्र ठरवले जाते तेव्हा तो आरोप रचलेला असतो. त्यामागे राजकारण, जमीन, नोकऱ्या असतात. झूटोपियातल्या सशांचे पूर्वज मात्र खरोखरच कोल्ह्यांनी खाल्लेले असतात. भीती आता निराधार आहे, पण मुळात ती खरी होती, असे या रचनेतून नकळत मान्य होते. हिरण्यकाचे वर्गीकरण इथे उपयोगी पडते : चित्रपटाला कृत्रिम वैरावर बोलायचे आहे आणि तो उदाहरण सहज वैराचे घेतो. जात, धर्म, वर्ण यांना प्राण्यांच्या जातींचे रूप देणाऱ्या प्रत्येक कथेत हा धोका असतो. आपल्याकडे घर भाड्याने देताना 'तुम्ही काय खाता?' असे विचारले जाते. तो प्रश्न भुकेविषयीचा नसतो, हे विचारणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. खाण्यावरून माणसाची जात ओळखणाऱ्या समाजाने भक्षक-भक्ष्याचे रूपक जपून वापरावे.

दातांचा धंदा

२०१२ चा फ्रेंच-बेल्जियन चित्रपट 'एर्नेस्ट आणि सेलेस्टिन' या फटीतून सहीसलामत बाहेर पडतो. बेल्जियन चित्रकर्ती गाब्रिएल व्हँसाँ यांच्या पुस्तकांवरून तो घेतला असून पटकथा कादंबरीकार दानिएल पेनाक यांची आहे. जलरंगांच्या हलक्या हाताने रंगवलेल्या या जगात वर अस्वलांचे शहर आहे आणि खाली उंदरांचे. अनाथाश्रमातल्या उंदरांना रात्री दुष्ट अस्वलाच्या गोष्टी सांगून भेवडावले जाते. सेलेस्टिनला अस्वलांचे पडलेले दात चोरून आणावे लागतात, कारण उंदरांचे दात झिजले की तेच बसवले जातात. वरच्या शहरात एक कुटुंब आहे : नवरा मिठाई विकतो आणि बायको समोरच्या दुकानात किडलेल्या दातांच्या जागी नवे दात विकते.

भिकारी, उपाशी एर्नेस्टला कचऱ्याच्या डब्यात सेलेस्टिन सापडते आणि तो तिला तोंडात टाकणार इतक्यात ती त्याला फटकारते व मिठाईच्या तळघराची वाट दाखवते. त्याची भूक खरी आहे, पण ती अस्वल असण्याची भूक नाही. गरिबाची भूक आहे. गोदाम भरलेले आणि रस्त्यावरचा उपाशी, अशी ही व्यवस्था. म्हणून इथे खाणाऱ्याचा स्वभाव बदलावा लागत नाही. अखेरीस अस्वलांच्या न्यायालयात उंदरीण आणि उंदरांच्या न्यायालयात अस्वल असे दोन खटले एकाच वेळी चालतात, दोन्ही इमारतींना आग लागते आणि आरोपीच आपापल्या न्यायाधीशाला वाचवतात. त्या बदल्यात दोघे मागतात ती एवढीच गोष्ट : एकत्र राहू द्या. मैत्रीची किंमत इथे दोघेही सारखी मोजतात. हे या चित्रप्रकारात दुर्मीळ आहे. एरवी खाणाऱ्याने स्वभाव सोडायचा आणि खाद्याने नुसता विश्वास ठेवायचा, असा वाटा ठरलेला असतो.

वादळी रात्रीचा सांकेतिक शब्द

सहज वैराला सरळ भिडणारा चित्रपट मला एकच ठाऊक आहे : गिसाबुरो सुगिई यांनी दिग्दर्शित केलेला जपानी 'आराशी नो योरु नी' (२००५), म्हणजे 'वादळी रात्री'. मूळ चित्रपुस्तक युइची किमुरा यांचे, चित्रे हिरोशी आबे यांची. पहिला भाग १९९४ चा. वादळात एका पडक्या झोपडीत दोघे जण आसऱ्याला येतात. अंधार असल्याने दिसत नाही, पडशामुळे वास येत नाही. गप्पा रंगतात आणि दुसऱ्या दिवशी भेटायचे ठरते. ओळखीची खूण म्हणून 'वादळी रात्री' हे शब्द. उजेडात कळते की एक गाबू नावाचा लांडगा आहे आणि दुसरा मेई नावाचा बोकड. जपानी क्रियापदाला लिंग नसल्याने मेई नर की मादी हे मूळ भाषेत सहज धूसर राहते. मराठीत लिहिताना मला तो 'बोकड' करावा लागला, ही भाषेची सक्ती.

पुढच्या सहलीत गाबूची शिदोरी दरीत पडते आणि डोंगर चढताना त्याची नजर पुढे चालणाऱ्या मेईच्या मांसल अंगावर खिळते. दिग्दर्शक ती नजर लपवत नाही. गाबूची शरमही लपवत नाही. दोन्ही कळपांना मैत्रीचा सुगावा लागतो आणि एकमेकांकडून गुपिते काढण्याचे हुकूम सुटतात. दोघे पळ काढतात. वाटेत गाबू मेईच्या नकळत शिकार करतो; मेईला ते कळते आणि त्यावरून भांडण होते. गाबूने उपाशी राहावे असे मेई म्हणू शकत नाही, आणि त्याने खावे हेही त्याला सोसत नाही. बर्फाच्या डोंगरात, अन्न संपल्यावर, मेई स्वतःला खायला देऊ करतो. हिरण्यकाच्या आक्षेपाला दिलेले हे उत्तर वादातून आलेले नाही.

नंतर हिमलोटात गाबूची स्मृती जाते आणि समोरचा मेई त्याला पुन्हा केवळ खाद्य वाटतो. तो शुद्धीवर येतो ते मेईच्या तोंडून जुना सांकेतिक शब्द ऐकून. म्हणजे मैत्री त्याच्या स्वभावात मुरलेली नाही. ती आठवणीत आहे, आणि आठवण गेली की दात उरतात. चित्रपट चंद्राखाली बसलेल्या दोघांवर संपतो. उद्या गाबू काय खाणार, ते सांगितले जात नाही. पण मादागास्करसारखी पळवाटही काढली जात नाही. शिवाय सगळे लांडगे आणि सगळे बोकड यांच्याविषयी इथे काही सिद्ध करायचे नाही. हे दोघेच आहेत. रूपकाचे ओझे नसल्यामुळेच कथा टिकते.

मासा

२०२४ च्या 'फ्लो' या लाटव्हियन चित्रपटात संवादच नाहीत. जिंट्स झिलबालोडिस यांच्या या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. महापुरात मांजर, कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक लांब पायांचा शिकारी पक्षी एका होडीत येतात. भाषा नसल्याने तात्पर्यही नाही. मांजर पाण्याला भिते, मग बुडी मारायला शिकते आणि होडीसाठी मासे आणते. शेवटाकडे संकटात मदतीला लागलेले कुत्रे ससा दिसताच दोर सोडून त्याच्यामागे पळतात. एकच मागे थांबतो. भूक आणि मैत्री यांचे प्रमाण इतके नेमके क्वचितच दाखवले गेले असेल.

पण इथेही मासे माशांसारखेच मरतात. त्यांना चेहरा नाही, नाव नाही. मादागास्करची सुशी आणि फ्लोची होडी यांत हे साम्य आहे, आणि पंचतंत्रातही ते आहे : दुष्काळ पडल्यावर लघुपतनक मंथरक कासवाच्या सरोवराकडे निघतो, कारण तिथे त्याला माशांचे तुकडे मिळणार असतात. कावळा, उंदीर, कासव आणि हरिण यांची ती आदर्श मैत्री माशांवर पोसली जाते. मित्रभेदातले उपाशी कोल्हे निदान बोलतात तरी. मासा बोलत नाही.

यावरून हे चित्रपट दांभिक ठरतात असे मी म्हणणार नाही. कोणतेही वर्तुळ आखले की काही जण बाहेर राहतात. पण मुलांना 'सगळे मित्र आहेत' असे सांगणारी कथा आणि 'आपण कोणाला मित्र म्हणतो आणि कोणाला नाही' हे दिसू देणारी कथा यांत फरक आहे. दुसरी मुलाला प्रश्न विचारायला जागा ठेवते. म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चकवते ती गोष्ट ऐकताना लहान मूल हमखास विचारते : मग वाघाने काय खाल्ले? मोठ्यांनी तो प्रश्न डोनट देऊन गप्प करू नये. घोडा काय खाणार ही काळजी आपण वाहत आलोच आहोत. गवताला कोणी विचारले का, हेही एखादे मूल विचारील.