जरथुश्त्री व ख्रिस्ती श्रद्धा : साम्य आणि त्याच्या मर्यादा

जरथुश्त्री आणि ख्रिस्ती धर्मांची तुलना करताना अंतिम न्याय, मृतांचे पुनरुत्थान व भावी उद्धारक या कल्पनांतील साम्यावर सामान्यतः भर दिला जातो. परंतु केवळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. पुनरुत्थानाचे सविस्तर वर्णन करणारा ‘बुंदहिश्न’ हा पहलवी ग्रंथ उपलब्ध स्वरूपात इ. स. च्या ९ व्या शतकाच्या सुमाराचा आहे. प्राचीन गाथांत या विचारांची बीजेच आढळतात.

खरा भेद दुरिताच्या समस्येत आहे. पहलवी परंपरेत अहरिमन ही ओर्मझ्दने न निर्मिलेली, स्वतंत्र शक्ती आहे. ख्रिस्ती मतानुसार सैतान हा पतित देवदूत, म्हणजे मूलतः ईश्वराचीच निर्मिती होय. पहिल्या भूमिकेत ईश्वराचे शुभत्व अबाधित राहते, पण सामर्थ्य मर्यादित होते. दुसरीत सामर्थ्य अबाधित राहते, पण दुरिताचे स्पष्टीकरण द्यावे लागते. उद्धाराचा विचारही याच अनुषंगाने वेगळा होतो. सओश्यंत मृतांना उठवतो. मात्र ख्रिस्ताप्रमाणे मानवाच्या पापांचे प्रायश्चित्त स्वतः घेत नाही. तेथे सुविचार, सुवचन व सुकृती निर्णायक ठरतात.

मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ च्या ग्रंथात पारशी धर्मातील द्वैतावर टीका केली. पुण्यात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या मार्टिन हाउग यांनी १८६२ मध्ये गाथांतील एकेश्वरवाद प्रतिपादन केला. निष्कर्ष परस्परविरोधी असले, तरी दोघांचाही मानदंड एकेश्वरवाद हाच होता. एका धर्माचा मानदंड दुसऱ्यास लावला की तुलना संपते आणि निवाडा सुरू होतो.