मुलाशिवाय बालनाट्याला: मोठ्या प्रेक्षकाचं काय करायचं?

मे महिन्याची सुट्टी लागली की बालनाट्यांचे प्रयोग लागतात. तिकीटखिडकीवर एखादे पन्नाशीचे गृहस्थ ‘एक द्या’ म्हणतात, आणि आतला माणूस विचारतो, ‘मुलांचं नाटक आहे, माहीत आहे ना?’ विचारणं काही गैर नाही. पण आज मला विचारायचंय ते नाटकाला. हा एकटा आलेला मोठा माणूस समोर बसला की नाटकानं काय करावं?

आधी शेजारच्या खुर्चीतल्या पालकांकडे बघा. ते नाटक बघतच नसतात, ते मुलाला बघतात. घाबरलं का, हसलं का, शू लागली का. टाळ्याही मुलासाठी वाजवतात. एकट्या माणसाला ही आडोशाची सोय नाही. चेटकीण विचारते, ‘राजपुत्र कुठे लपलाय?’ सगळं थिएटर ओरडतं. त्यानं ओरडायचं की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडचं नाही, लंडनचं आहे. 27 डिसेंबर 1904, नाताळचे दिवस. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’चा पहिला प्रयोग. प्रेक्षकांत बहुतेक मोठी माणसं. नाटकात टिंकर बेल ही परी विष पिते, तिचा उजेड मंदावत जातो. पीटर प्रेक्षकांना म्हणतो, पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. बॅरींना धास्ती होती की ही मोठी मंडळी गप्प बसली तर काय? म्हणून वादकांना सांगून ठेवलं होतं, कोणी वाजवल्या नाहीत तर तुम्ही वाद्यं खाली ठेवून टाळ्या वाजवा. तशी वेळच आली नाही. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पीटरचं काम करणाऱ्या नीना बूसिको यांना रडू कोसळलं.

इथे नाटकानं मोठ्यांसाठी वेगळं काही ठेवलं नाही. मुलांकडे जे मागायचं तेच मोठ्यांकडे मागितलं. आणखी एक बघा. मुलांचे वडील मिस्टर डार्लिंग आणि चाच्यांचा कप्तान हुक, ही दोन्ही कामं त्या प्रयोगात जेराल्ड द्यु मॉरिए या एकाच नटानं केली. मुलाला त्यात खलनायक दिसतो, मोठ्याला बापही दिसतो. प्रसंग एकच, खोली दोन.

आता आपल्याकडे या. 1959 साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं. आग्रह असा की मुलांना नाटक दाखवायचं तर तालीम, नेपथ्य, नट सगळं पूर्ण तयारीचं हवं. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले. 2018 मध्ये तेच नाटक चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात वैभव मांगले यांना घेऊन पुन्हा आलं. लहानपणी चेटकिणीला घाबरलेली माणसं अशा वेळी आपली भीती भेटायला येणारच. यावीत.

तक्रार आहे ती वेगळीच. मोठ्यांना खूश करायचं म्हणून हल्लीच्या काही बालनाट्यांत टीव्ही मालिकांवरच्या कोट्या येतात, राजकारणाचे चिमटे येतात, क्वचित दुहेरी अर्थही येतो. मोठे खो-खो हसतात आणि मुलं मागे वळून बघतात: काय झालं? त्या क्षणी त्यांच्याच नाटकात ती परकी होतात. खिशात हात घालणारा मोठाच असतो, हे निर्मात्याचं गणित मला कळतं. पण मुलाच्या डोक्यावरून मारलेली कोटी ही त्या मुलाच्या तिकिटातून केलेली चोरी आहे, असं मी म्हणेन.

आणि एकट्या आलेल्या माणसालाही त्यातून काय मिळतं? तसले विनोद त्याला घरी मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. तो आलाय ते विश्वास ठेवायला.

म्हणून त्याला तिकीट जरूर द्या, मंडळी. त्यानं मात्र पाहुण्यासारखं बसावं, उंच असेल तर मागच्या रांगेत. आणि नाटकानं त्याच्याकडे बघून डोळा मारू नये. टाळ्या मागाव्यात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.