पद्मिनीच्या पाठीवरचे पंख

१९५९ सालच्या कॅडिलॅकचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. जुन्या गाड्यांची रील्स, कॅफेच्या भिंती, टी-शर्ट, सगळीकडे ती असते. सुमारे पावणेसहा मीटर लांबीचं धूड, फोटोत बहुतेक वेळा गुलाबी, आणि मागच्या चाकांवरून वर उठलेले पत्र्याचे दोन टोकदार पंख. प्रत्येक पंखात रॉकेटच्या ज्वाळेसारखे दोन लाल दिवे. या पंखांना टेलफिन म्हणतात. ही गाडी दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तेव्हाच्या डिझाइनमध्ये जीव होता, आता सगळ्या गाड्या सारख्याच.’

हे वाक्य मला तपासून बघायचं आहे. कारण टेलफिन जन्माला आले तेच लवकर जुने दिसण्यासाठी. आणि त्यांचंच एक धाकटं भावंड मुंबईच्या रस्त्यांवर जवळपास सहा दशकं टिकलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘क्लासिक’ या शब्दाचा अर्थ जरा डळमळीत होतो.

सुरुवात हेन्री फोर्डपासून करावी लागते. त्याची मॉडेल टी १९०८ ते १९२७ चालली, दीड कोटींच्या आसपास गाड्या निघाल्या, आणि मूळ विचार फारसा बदलला नाही. घ्या, वापरा, दुरुस्त करा. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं ओळखलं की, ज्याच्याकडे गाडी आहे त्याला दुसरी विकायची तर पहिली अजून चालत असतानाच त्याला नकोशी वाटली पाहिजे. १९२७ मध्ये त्यानं हार्ली अर्ल या माणसाला बोलावलं आणि गाडीचं रूप ठरवणारा स्वतंत्र विभाग उभा केला. अर्ल हॉलिवूडचा. वडिलांचा गाड्यांच्या बॉड्या बांधण्याचा व्यवसाय, गिऱ्हाइकांत सिनेनट.

अर्लनं एक साधी वाटणारी पण निर्णायक गोष्ट रुजवली. गाडीचा नमुना तो मातीत घडवायचा. तोवर मडगार्ड, बॉनेट, दिवे हे वेगवेगळे भाग एकमेकांना जोडल्यासारखे दिसत. मातीवर हात फिरवताना एक भाग दुसऱ्यात मिसळू लागला. गाडी लांब, बुटकी आणि सलग होत गेली. आज आपण ज्याला गाडीची ‘लाइन’ म्हणतो, ती बरीचशी या मातीतून आली. अर्लला नुसता सजावटवाला म्हणणं म्हणूनच अन्यायाचं ठरेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्ल आणि त्याच्या माणसांना लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान जवळून बघायला मिळालं. त्याची आठवण १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर उमटली. हा पहिला फिन म्हणजे छोटासा उंचवटा. त्यात मागचा दिवा बसवलेला, आणि डाव्या बाजूचा दिवा वर उचलला की खाली पेट्रोलच्या टाकीचं तोंड. मला हा फिन आवडतो. तो दिवा धरतो, टाकीचं तोंड लपवतो, आणि गाडीची रेषा कुठे संपते हे सांगतो. त्याला काम आहे.

मग स्पर्धा लागली. १९५७ मध्ये क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरनं अख्खी गाडीच पाचरीसारखी केली, पुढे खाली आणि मागे उंच. त्याच्या गाड्यांत फिन शेपटीवर चिकटवल्यासारखा वाटत नाही. बॉनेटपासून निघालेली रेषा चढत चढत तिथे पोचते. बाजूच्या वाऱ्यात फिनमुळे गाडी स्थिर राहते, असा दावाही क्रायस्लरनं केला. निव्वळ रूपाचा विचार केला, तर टेलफिनचा सर्वोत्तम क्षण माझ्या मते हा. पण घाईत बाजारात आणलेल्या त्या गाड्या गळक्या आणि गंजक्या म्हणूनही बदनाम झाल्या.

क्रायस्लरच्या या गाड्या पाहून जनरल मोटर्सचे डिझायनर हादरले, आणि उत्तर म्हणून १९५९ ची कॅडिलॅक आली. फोटोतून जरा बाहेर येऊन तिच्याकडे बघा. तिचे पंख कुठल्याही रेषेचा शेवट वाटत नाहीत. ते शेजाऱ्याच्या पंखांना दिलेलं उत्तर आहेत. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या शेवरलेचा मूळ सांगाडा बराचसा कॅडिलॅकच्याच कुळातला, पण तिचे पंख उभे नाहीत, तर उडत्या पक्ष्यासारखे आडवे पसरलेले. आत एक, वरून वेगळं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला रीस्किन म्हणतात. मागचा कोड तोच, बटणं नवी, आणि वापरणाऱ्याला वाटतं की आपण मागे पडलो होतो.

पुढच्याच वर्षी कॅडिलॅकचे पंख खाली आले, मग आणखी खाली, आणि १९६५ पर्यंत जवळजवळ पुसले गेले. त्याच वर्षी राल्फ नेडरचं ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. टोकदार फिनवर आदळून पादचाऱ्यांना झालेल्या इजांची नोंद त्यात आहे. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाचा विचार त्या मातीच्या नमुन्यात झालेला नव्हता.

तोवर फॅशन अटलांटिक ओलांडून गेली होती. इटलीत फियाटनं आपल्या आटोपशीर ११०० गाडीला छोटे, जरा लाजरेच म्हणावेत असे फिन दिले. १९६२ ची ११०० डी ही त्यांतली एक. १९६६ मध्ये तिच्या जागी आलेल्या ११०० आर वर ते नव्हते, आणि १९६९ मध्ये तिकडे ही मालिकाच संपली. पण १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती बनू लागली होती. वालचंद हिराचंद यांच्या या कारखान्यानं आधी क्रायस्लरच्या गाड्याही जोडल्या होत्या. इथे या फियाटचं नाव आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी झालं. उत्पादन शतक संपेपर्यंत चाललं. टॅक्सी म्हणून तिची अखेरची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

म्हणजे जो आकार दर वर्षी बदलावा म्हणून जन्मला, तो इथे बदललाच नाही. परवाने, आयातबंदी, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. गिऱ्हाईक रांगेतच उभं असताना रूप बदलण्याची गरज कुणाला? त्यामुळे फिनचा मूळ अर्थ गळून पडला. डेट्रॉइटमध्ये तो म्हणत होता, ‘तुझी गाडी जुनी झाली.’ मुंबईत तो तसं काहीच म्हणत नव्हता, कारण शेजाऱ्याच्या गाडीलाही तोच फिन होता. तो काळा रंगवला गेला, ठोकला गेला, गॅरेजमध्ये हातोडीनं सरळ केला गेला, पुन्हा रंगवला गेला. वर पिवळं छत, कॅरियरवर बॅगा, डाव्या अंगाला मीटर. लोकांनी वापरून वापरून त्याला आपला केला.

इथे मात्र सावध राहायला हवं. काळी-पिवळी गेली तेव्हा आपण तिच्यावर भरभरून लिहिलं, आणि त्यात टंचाईलाच सौंदर्य म्हणून टाकलं. उन्हात तापलेल्या डब्यात दिवसभर स्टिअरिंगजवळचा गिअर ओढणाऱ्या ड्रायव्हरला तिच्या मागच्या रेषेचं कौतुक किती असेल? अमेरिकन गिऱ्हाइकाला कातडी निवडता येत होती, आतली गाडी नाही. आपल्याला दोन्ही निवडता येत नव्हतं. पद्मिनी टिकली हा डिझाइनचा विजय नव्हता. पण ती गावभर दुरुस्त होऊ शकत होती, हा गुण खरा होता. जुन्या गाड्यांच्या रील्समध्ये नेमका तोच दिसत नाही.

म्हणून ‘जीव होता’ या वाक्याऐवजी मी दोन प्रश्न विचारीन. या आकारानं कुणाला काय वचन दिलं? आणि ते किती दिवस पाळलं? १९४८ चा फिन या परीक्षेत पास होतो. १९५७ चा दिसण्यात पहिला येतो, टिकण्यात नापास होतो. १९५९ चा मला आजही बघत राहावासा वाटतो, आणि तो बरोबर एक वर्ष बघत राहण्यासाठीच केला होता. पद्मिनीच्या फिननं कसलंच वचन दिलं नव्हतं, तरी त्यानं शहराची सोबत केली. दर वर्षी कॅमेऱ्याची चौकट थोडी सरकवलेला नवा फोन बघताना हे चारही फिन आठवून बघा. आपल्या हातातलं यांतलं कितवं, ते लगेच कळेल.