रायगडावरचा निर्णय आणि आमची लेखणी

ऐतिहासिक कादंबरी हा मराठी वाचकाचा जुना लोभ. दिवाळीच्या सुटीत घरातली थोरली मंडळी आणि शाळकरी मुले एकाच पुस्तकासाठी भांडावीत, असे भाग्य दुसऱ्या कोणत्या वाङ्मयप्रकाराला लाभले आहे? पण या लोभाला एक खोड आहे. आम्हांला वीराचे मरण आवडते. राज्यकर्त्याचा निर्णय तितकासा आवडत नाही.

वसंत कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’ घ्या, शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९) घ्या, नाहीतर तिच्यावरून २०२५ साली निघालेला हिंदी चित्रपट घ्या. संभाजीराजांच्या बलिदानापाशी आपला कंठ दाटतो, आणि मन तेथून पुढे जायला तयार होत नाही. या कृतींचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. परंतु ११ मार्च १६८९ नंतरच्या चार आठवड्यांत रायगडावर जे ठरले, त्याने स्वराज्य वाचले. त्या निर्णयाचे माप आमच्या लेखणीने अजून नीट घेतलेले नाही.

प्रसंग कसा होता ते पाहा. मार्च संपण्यापूर्वीच इतिकादखानाने, म्हणजे पुढच्या झुल्फिकारखानाने, गडाला वेढा घातला. शाहूला सात वर्षेही पुरी झाली नव्हती. राजाराम जेमतेम एकोणीस वर्षांचे. येसूबाईंनी दिराला राज्याचा प्रमुख मानले, त्यांना गडाबाहेर पाठविले आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. ५ एप्रिलला राजाराम निसटले, पुढे दूर जिंजीला पोहोचले. नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक बादशाहाचे कैदी झाले.

आता बखरीकडे वळू. मल्हार रामराव चिटणिसांनी लिहिले ते शंभराहून अधिक वर्षांनी. परिणाम ठाऊक असलेल्या लेखकाच्या हातून येसूबाई आधीच सगळे जाणणाऱ्या होतात, आणि आमचे लेखकही बहुधा तीच वाट धरतात. त्यांची येसूबाई कचरत नाही, तिचा स्वर कापत नाही. मला हे त्या बाईंवर अन्यायाचे वाटते. जिला भीतीच नाही, तिने निर्णय घेतला असे कसे म्हणावे? देवत्व देऊन आपण तिच्याकडून तिचे कर्तृत्वच काढून घेतो.

उलट टीकाकार बोट दाखवितात ते पुढच्या काळाकडे. सत्ता राजारामांच्या शाखेत गेली नसती, तर १७०७ साली शाहू सुटून आल्यावर ताराबाईंशी लढा झाला नसता. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या नसत्या. हा आक्षेप पोकळ नाही. पण १७०७ चा निकाल १६८९ च्या माणसाच्या माथी मारताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: त्या दिवशी तिच्यापुढे दुसरी कोणती वाट होती? सगळे गडावर राहते, तर सगळेच एका फासात सापडते. जिंजीने मोगलांना १६९८ पर्यंत गुंतवून ठेवले आणि इकडे संताजी-धनाजींना रान मोकळे मिळाले, ते राजाराम बाहेर होते म्हणून.

असा न्याय सोपा नसतो हे युरोपातही दिसले. १९४० साली जर्मन फौजा आल्या तेव्हा हॉलंडची राणी विल्हेल्मिना लंडनला गेली. बेल्जमचा राजा लिओपोल्ड शरण जाऊन मायदेशी राहिला. गेली ती पळपुटी आणि राहिला तो शूर, असे कोणीही म्हटले असते. युद्धानंतर राणीचे स्वागत झाले, आणि राजाला १९५१ साली गादी सोडावी लागली. राहणे किंवा जाणे यांत पुण्य नसते. ते कशासाठी, यात असते. येसूबाईंचे विशेष हे, की एकाच घराने दोन्ही वाटा धरल्या आणि कठीण वाट त्यांनी स्वतःकडे घेतली.

त्या वाटेची लांबी आम्हां सोलापूरकरांना तरी कळावी. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर माचणूरपाशी भीमेकाठी ब्रह्मपुरी आहे. १६९५ ते १६९९ बादशाहाची छावणी तेथे होती, आणि कैदेतली ती मायलेकरेही छावणीबरोबरच होती. माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला आपण जातो, घाटावर बसतो. पण शिवाजीमहाराजांची सून याच काठावर दिवस मोजत होती, हे किती जणांच्या मनात येते? शाहू सुटले तेव्हाही येसूबाई ओलीस राहिल्या. सुटका झाली ती १७१९ साली, बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले तेव्हा. सुमारे तीस वर्षे!

तीस वर्षांत तुळापूरच्या यातनांसारखा रंगमंचावर दाखविण्याजोगा प्रसंग नाही. आमच्या लेखकांची खरी परीक्षा तेथेच आहे. परिणाम विसरून, एप्रिल १६८९ ची ती रात्र तिच्या अज्ञानासह ज्याला लिहिता येईल, त्याची कादंबरी मी आनंदाने मुलांच्या हाती देईन. इतिहासाने द्यायचा न्याय याहून वेगळा नसतो: निकाल पाहण्याआधी, निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा अंधार पाहणे.