काचेच्या तपकीर-कुप्या आणि कालनिर्णय

चिनी काचेच्या तपकीर-कुप्यांच्या कालनिर्णयाची एक सोपी पद्धत संग्राहकांत रूढ झालेली आढळते. कुपीच्या बुडावर छ्येनलुंग सम्राटाच्या कारकिर्दीची (१७३६–१७९५) मुद्रा दिसली, की कुपी त्या काळातील ठरते आणि विवेचन तेथेच आटोपते. ही सवय चिनी मातीच्या भांड्यांच्या अभ्यासातून आलेली असावी. परंतु दोन माध्यमांतील भेद तीत विसरला जातो. भांड्यावरील निळी मुद्रा झिलईखाली असते, म्हणजे ती भाजण्यापूर्वीच काढावी लागते. तेथेही जुन्या मुद्रांची नक्कल होतेच. तथापि मुद्रा आणि भांडे यांचे वय निदान एक असते. काचेवरील कोरीव मुद्रेस तेवढीही हमी नाही. ती थंड काचेवर चाकाने कोरलेली असते, आणि असे चाक कुपी तयार झाल्यावर शंभर वर्षांनीही चालविता येते. मुद्रेने किंमत वाढत असल्याने तसा मोहही होणारच.

म्हणून प्रथम काच पाहावी, मुद्रा मागाहून. खांगशी सम्राटाने १६९६ मध्ये पेकिंग येथे राजकीय काचशाळा स्थापिली. तिची उभारणी किलिआन श्टुम्फ या जर्मन जेझुइटाच्या देखरेखीखाली झाली. आरंभीच्या काचेत क्षार अधिक व चुना अल्प असल्यास तिच्यावर सूक्ष्म तड्यांचे जाळे पसरते. हा दोष अभ्यासकाच्या दृष्टीने मुद्रेहून बोलका होय, जरी एकट्या त्यावरही विसंबता येत नाही. मनशिळेचा भास देणाऱ्या तांबड्या-पिवळ्या काचेबाबत, किंवा एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर चढवून कोरलेल्या कुप्यांबाबत, कोरणीखालची जमीन किती सम आहे हे पाहणे उपयुक्त ठरते. अशा परीक्षेतून पुष्कळदा ‘अठरावे वा एकोणिसावे शतक’ एवढेच हाती येते. तेवढेच लिहावे.

आतून चित्रित केलेल्या कुप्यांत हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. कुपीचा अंतर्भाग खरबरीत करून, तोंडातून वाकडे लेखणीवजा साधन घालून काढलेल्या या चित्रांवर मा शाओश्वान (१८६७–१९३९) यांसारख्या चित्रकारांची नावे आणि षष्टिवर्षचक्रातील वर्ष आढळते. आपल्या प्रभवादि संवत्सरांप्रमाणे तेच वर्षनाम साठ वर्षांनी पुन्हा येते. चित्रकाराचा हयातीचा काळ ठाऊक असल्यास ही संदिग्धता बहुधा मिटते. पण निश्चित होते ते चित्राचे वर्ष. कुपी त्यापूर्वीची, वापरून झालेली असू शकते. तेव्हा नोंदपत्रात काचेसाठी एक आणि चित्रासाठी एक, असे दोन स्वतंत्र रकाने ठेवणे आवश्यक आहे.